पिस्तूल न वापरताही गंजतंय, तेही पावसाळा सोडून हिवाळ्यात. कारण काय असेल?

मळेकरी_निफाड

नमस्कार मंडळी.

निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझ्या नावावर .32 चं पिस्तूल आहे, आयुध निर्माणीचं. परवाना 2013 चा, नूतनीकरण वेळच्या वेळी. घेतलं तेव्हा व्यापारी रोखीत हिशोब करायचे, मजुरांच्या टोळीची उचलही रोखच द्यावी लागायची, आणि बँकेतून निघालं की मळ्यापर्यंत रस्त्याला चिटपाखरू नसायचं. आता बरेचसे पैसे खात्यावर येतात. त्यामुळे पिस्तूल कमरेला कमी आणि कपाटातच जास्त.

गेले दोन हंगाम बघतोय, स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पुढच्या टोकाला आणि मागे जिथे अंगठा टेकतो तिथे तांबूस ठिपके येतात. पुसले की जातात, काही दिवसांनी परत हजर. काडतुसं भरायच्या मॅगझिनच्या ओठांनाही तसंच. स्लाइड ओढली की आधी जड लागते आणि मग एकदम सुटते.

गंमत म्हणजे पावसाळ्यात इतकं होत नाही. जानेवारी ते मार्च, हवा कोरडी ठणठणीत असताना जोर. हे कोडं मला सुटत नाही.

देखभाल म्हणाल तर खोबरेल. बारा बोअरच्या बंदुकीला आजोबा खोबरेलच लावायचे, तीच पद्धत पुढे चालू. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून, वरून प्लास्टिकची पिशवी, लोखंडी कपाटात कुलूपबंद. दसऱ्याला पूजेपुरतं बाहेर येतं. गोळी कित्येक वर्षांत झाडलेली नाही.

चालवलंच नाही तर खराब कसं होतं? एकजण म्हणाला वरचा काळा रंग उडालाय, नवीन चढवून घे. जाणकारांनी सांगावं.

---

सातपूरकर

एवढंच ना? अंबडला पन्नास जण ब्लॅकोडायझिंग करतात, लोखंडावर काळा थर चढवून देतात. स्लाइड सुटी करून द्या, इतर जॉबबरोबर टाकीत बुडवतील, संध्याकाळी नव्यासारखी परत. नाहीतर डब्ल्यूडी-40 मारा भरपूर. आमच्या शॉपमध्ये सगळ्या गेज आणि फिक्स्चरवर तेच मारतो.

---

कांदेवाला_लासलगाव

भाऊ, विकून मोकळे व्हा. द्राक्षवाल्याला चोर लुटत नाही, व्यापारी लुटतो. तो माल भरून गेला आणि फोन बंद झाला की कमरेच्या पिस्तुलाचा काय उपयोग? तिथे पावतीपुस्तक आणि धनादेश कामाला येतो. बिबट्यासाठी म्हणाल तर उसात बॅटरी आणि चार माणसं पुरतात, आणि .32 ने बिबट्या नुसता चिडेल.

---

वकीलबाई_गंगापूररोड

सातपूरकर, असले सल्ले उघड्यावर देऊ नका. पिस्तुलाचा भाग परवाना नसलेल्या माणसाच्या हातात देणं हाच गुन्हा होऊ शकतो. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये सुटे भागसुद्धा शस्त्रच धरले आहेत. शस्त्र दुरुस्तीचा धंदा करायलाही वेगळा परवाना लागतो. टाकीत बुडवण्याआधी पॉलिश मारताना क्रमांक पुसट झाला तर आणखी पंचाईत. ओळखचिन्ह खोडणं किंवा बदलणं यावर कायद्यात स्वतंत्र कलम आहे, आणि असं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केलं असं गृहीत धरतात. काम करायचं तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, आणि पावती घेऊन.

मळेकरी, तुमचं कपाट नक्की कुठे आहे? घरी की दुसरीकडे?

---

आर्मोरर_देवळाली

वकीलबाईंनी माझा अर्धा राग काढून दिला, आभार. उरलेला अर्धा डब्ल्यूडी-40 वर.

मी फौजेत आर्मोरर होतो. सगळी नोकरी दुसऱ्यांची हत्यारं उघडण्यात गेली, आता देवळाली कॅम्पला पेरूच्या झाडाखाली बसून असतो. सातपूरकर, तुमच्या गेजला ते चालतं, कारण तुम्ही ते रोज हाताळता आणि रोज पुसता. ते पाणी हटवायला बनवलेलं द्रव्य आहे, नावातच ते आहे. महिनाभर कपाटात पडलेल्या पोलादाला त्याचा पातळ थर पुरत नाही. शिवाय भरलेल्या मॅगझिनवर मारलं तर काडतुसाच्या मागच्या कॅपमध्ये, जिथे ठिणगी पडते तिथे, झिरपू शकतं. मग नेमक्या वेळी नुसतं टक् होतं.

मळेकरीभाऊ, आता तुमच्याकडे वळतो. खोबरेलाने स्लाइड जड होते यात नवल काहीच नाही. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. थंडीत निफाडचा पारा राज्यात तळाला, वेलींना पहाटे शेकोट्या कराव्या लागतात तुम्हाला. बाथरूममधल्या बाटलीत जे होतं तेच स्लाइडच्या खाचेत होतं. वर ते हवेने चिकट होतं, धूळ धरतं. आजोबांच्या बारा बोअरला चाललं, कारण ती बंदूक मधून वाकवून उघडायची आणि बंद करायची. तिच्यात अशी सरकणारी खाच नाही. तुमच्या पिस्तुलात गोळी सुटताना बॅरल, म्हणजे नळी, आणि स्लाइड एकमेकांत अडकलेले नसतात. स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा खेळ. ती खाच चिकट झाली की पुढचं काडतूस नीट चढत नाही.

पण खोबरेलाने जडपणा येतो, गंज येत नाही. आणि कोरड्या हवेत गंज म्हणजे हवेत दुसरं काहीतरी आहे. कपाट ज्या खोलीत आहे, तिथे आणखी काय काय ठेवता ते सांगा. आणि त्या खोलीतलं दुसरं लोखंड कसं दिसतं? बिजागऱ्या, कुलूप, स्टेपलर?

---

मळेकरी_निफाड

काका, तुम्ही स्टेपलर विचारलंत आणि मी उठून बघूनच आलो. पिना डब्यातच लाल झाल्यात. वजनकाट्याचे स्क्रूही. कपाटाची खालची बिजागरी करकरते, मला वाटायचं जुनी झाली म्हणून.

वकीलबाई, कपाट पॅकहाऊसच्या ऑफिसात आहे. हंगामात मी दिवसभर तिथेच असतो म्हणून तिकडे हलवलं. शेजारच्या खोलीत रिकामी खोकी, पनेट, लेबलं आणि एक्स्पोर्टच्या पेटीत टाकायचे ग्रेप गार्डचे गठ्ठे. एकदा फोडलेला गठ्ठा उरला की ऑफिसातच ठेवतो, कपाटावर. बाकी काही नाही. हो, मागच्या बाजूला खताची थप्पी आणि पलीकडे गोठा.

---

आर्मोरर_देवळाली

सापडला चोर.

ग्रेप गार्डच्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि मण्यांवर बुरशी येऊ देत नाही. परदेशी जाणारी पेटी इतके दिवस टिकते ती त्यावरच. पण तोच वायू ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होतं. द्राक्षाला चालतं, पोलादाला खातं. फोडलेला गठ्ठा कपाटावर, पहाटेची थंडी, कपाटाचा पत्रा गार, आत दमट श्वास, आणि पिस्तूल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. आत शिरलेला ओलावा बाहेर निघतच नाही. जानेवारी ते मार्च तुमचा पॅकिंगचा हंगाम. पावसाळ्यात गठ्ठे नसतात म्हणून पिस्तूल बरं दिसतं. तुमच्या कोड्याचं उत्तर एवढंच.

त्यात चामड्याचं होल्स्टर. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात, आणि ते ओल धरून बसतं. होल्स्टर बाहेर जाताना कमरेला लावायचं. घरी आलं की पिस्तूल बाहेर, होल्स्टर वेगळं. तुम्ही म्हणता तसे ठिपके पुढच्या टोकाला आणि अंगठ्याच्या जागी आहेत. पुढचं टोक होल्स्टरच्या तळाला टेकतं, आणि अंगठ्याच्या जागी घामातलं मीठ. प्रत्येक ठिपक्याला पत्ता आहे.

गोठ्याचं आणि खताचं ऐकून मला काडतुसांची जास्त काळजी वाटते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यांत साठवायचे. पाऊस संपून बघावं तर पितळी काडतुसांना चिरा, विशेषतः जिथे गोळी आवळून बसवलेली असते त्या तोंडाशी. कित्येक वर्षं कुणाला कारण कळेना. 1921 मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि पितळ थंड ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. अमोनियम खत आणि गोठा यांच्या मधोमध काडतुसं ठेवणं म्हणजे तोच प्रयोग पुन्हा मांडणं. उजेडात एकेक काडतूस फिरवून तोंडाशी बघा. केसासारखी रेघ, हिरवटपणा, आत दबलेली गोळी, यांपैकी काहीही दिसलं तर ते वेगळं काढा आणि विक्रेत्याकडे जमा करा. घासून परत मॅगझिनमध्ये नको.

---

वकीलबाई_गंगापूररोड

रसायनशास्त्र काकांकडे, माझा मुद्दा साधा आहे. परवान्यावर पत्ता घराचा, शस्त्र पॅकहाऊसला, तिथे हंगामात परजिल्ह्यातली टोळी, आणि मला खात्री आहे की ऑफिसची एक किल्ली मुकादमाकडे असणार. चोरी झाली तर पहिले प्रश्न तुम्हालाच विचारतील. शस्त्र नियम 2016 नुसार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे परवानाधारकाची आहे. घरी हलवा. घराच्या भिंतीत पक्की केलेली छोटी तिजोरी, किल्ली फक्त तुमच्याकडे, काडतुसं दुसऱ्या कुलपात.

पत्ता खरंच बदलायचा असेल तर ग्रामीण भागात परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारी, नाशिक शहरात पोलिस आयुक्त. बरेच जण शहरात फ्लॅट घेतात आणि हे विसरतात.

आणि आजोबांची बारा बोअर कुणाच्या नावावर आहे हेही बघून ठेवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, तेवढी एक चांगली गोष्ट.

---

मळेकरी_निफाड

बारा बोअर वडिलांच्या नावावर आहे, कागद चोख. किल्लीचं तुम्ही बरोबर ओळखलंत.

पिस्तूल काल रात्रीच घरी आणलं. काका, आता साफ कसं करू? पितांबरीने घासलं तर चालेल का, असं घरातून विचारणा झाली आहे.

---

आर्मोरर_देवळाली

वहिनींना नमस्कार सांगा आणि पितांबरी देवघरात राहू द्या. चिंच, लिंबू, व्हिनेगर, काही नको. पिस्तुलाचा काळा रंग हा रंग नसतोच. लोखंडाचाच एक प्रकारचा गंज मुद्दाम चढवलेला असतो, आणि तो लाल गंजाला अडवतो. आम्ल लावलं की लाल जातो आणि त्याबरोबर काळाही जातो. पॉलिश पेपर तर हातातसुद्धा घ्यायचा नाही.

बसा निवांत, पोरंबाळं दुसऱ्या खोलीत. काडतुसं त्या टेबलावर नकोत, त्या खोलीतही नकोत. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागे. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, जातं, आणि माणूस समजतो की पिस्तूल रिकामं आहे. घरात अपघात होतात ते या उलट्या क्रमाने. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. मी सेवेत असताना रिकामी म्हणून हातात दिलेली हत्यारंही अशीच तपासायचो, साहेबाने दिलेलं असलं तरी. पिस्तुलाचं तोंड सतत वाळूच्या बादलीकडे.

उघडायचं ते सोबतच्या पुस्तिकेत दाखवलंय तेवढंच. बॅरल, स्लाइड, स्प्रिंग वेगळी झाली की थांबा. आतले स्क्रू आणि चापाची यंत्रणा विक्रेत्याच्या कारागिरासाठी.

आधी सगळं खोबरेल काढा. पांढरं रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर दुकानात बंदुकीचं सॉल्व्हंट मिळतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद. दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा साफ. बॅरलमध्ये चेंबरच्या बाजूने पितळी ब्रश, मग चिंदी. फौजेत चार बाय दोनची चिंदी म्हणायचो आम्ही, तुम्ही जुन्या मलमलच्या धोतराचे तुकडे घ्या. चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत बदलत राहा. मग चेंबरच्या तोंडाशी पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकाने बघा. नळीत आतून कोरलेल्या वळ्या स्वच्छ चकाकल्या पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर तिथेच थांबा आणि दुकानदाराकडे न्या.

लाल ठिपक्यांवर बंदुकीचं तेल लावून रात्रभर राहू द्या. सकाळी तेलातच भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने, बोटाच्या टोकाने, जोर न लावता. हातात लागणारा गंज निघेल. खाली खड्डा राहिला तर राहू द्या, तो वाढला नाही म्हणजे झालं.

शेवटी तेल. इथे सगळे हात सैल सोडतात. बाहेरून तेलाने ओलसर फडका फिरवायचा, स्लाइडच्या खाचांत एकेक थेंब. फायरिंग पिनच्या भोकात नाही, मॅगझिनच्या आत नाही, काडतुसांना तर अजिबात नाही. मॅगझिन आतून कोरडंच हवं. बंदुकीचं तेल मिळेपर्यंत शिलाई मशीनचं तेल चालेल, खोबरेल केसांना ठेवा.

तिजोरीत सिलिका जेलची पुडी टाका, निळी असते ती. गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परत निळी करून घ्यायची. महिन्यातून एकदा काढायचं, पुसायचं, ठेवायचं. दहा मिनिटांचं काम. चालवलेलं पिस्तूल लोक साफ करतात, न चालवलेलं विसरतात, म्हणून न चालवलेलं आधी जातं.

दसऱ्याचंही बोलतो, राग मानू नका. मीही शस्त्रपूजन करतो. पण दरवर्षी दसऱ्यानंतर माझ्याकडे ओळखीचे लोक यायचे, तेव्हा स्लाइडच्या मागच्या दातऱ्यांत हळद-कुंकू भरलेलं, त्यावर पळीभर पाणी शिंपडलेलं, झेंडूची एक पाकळी हॅमरच्या फटीत. कुंकवाची पूड तेलात कालवली की तिची खरड तयार होते, आणि ती नेमकी खाचेत उतरते. पाटावर फडका घाला, रिकामं पिस्तूल ठेवा, गंधाचा टिळा चामड्याच्या होल्स्टरला लावा, आपट्याचं पान शेजारी. देवीला तेवढं पोचतं. आरती झाली की लगेच पुसा.

---

वकीलबाई_गंगापूररोड

आणि त्या पाटाचा फोटो स्टेटसला नको. पिस्तूल हातात घेऊन तर मुळीच नको. त्यावरून चौकशीला बोलावणं आलेले अशील मी पाहिले आहेत.

---

सातपूरकर

डब्ल्यूडी-40 चं कळलं काका, हात जोडले. एक शंका. एवढं सगळं केल्यावर चालतंय की नाही हे कळणार कसं? मळ्यात एखादा बार काढून बघायचा ना, विहिरीकडे तोंड करून?

---

वकीलबाई_गंगापूररोड

नाही. परवाना स्वसंरक्षणाचा आहे, विहिरीचा नाही. निष्काळजीपणाने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आणला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विहिरीच्या कठड्यावरून गोळी कुठे उडेल ते कुणी सांगावं. आणि नवीन काडतुसं घ्यायला गेलात की आधीच्यांचा हिशोब द्यावा लागतो. अधिकृत रेंजवर, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या नियमात.

बाहेर नेतानाही होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं, स्वतःच्या अंगावर. गाडीच्या कप्प्यात ठेवून हॉटेलात जेवायला जायचं नाही. लग्न, वणीची यात्रा, कॉलेजचं गॅदरिंग, यांना घरी ठेवूनच जायचं.

---

आर्मोरर_देवळाली

रेंजवर जाल तेव्हा दोन गोष्टी. .32 चं पिस्तुलाचं काडतूस वेगळं आणि .32 च्या रिव्हॉल्वरचं वेगळं, रिव्हॉल्वरचं लांब असतं. परवान्यावर नुसतं .32 लिहिलेलं असतं, म्हणून डब्यावरचं वाचून घ्या.

दुसरं, तुमच्या काडतुसाला मागे किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे अडकली की मॅगझिन तिथेच घट्ट बसतं, आणि कितीही स्लाइड ओढा, सुटत नाही. भरताना प्रत्येक काडतूस पूर्ण मागे सारायचं. आणि तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये घालून काढायचं नाही. प्रत्येक वेळी गोळीचं नाक आपटतं, हळूहळू ती आत दबते आणि झाडताना दाब वाढतो.

---

मळेकरी_निफाड

अपडेट देतो. परवानाधारक विक्रेत्याकडे नेलं, सोबत परवाना आणि पावती. बॅरल साफ निघालं, खड्डे फक्त बाहेरून. स्प्रिंग बदलायला सांगितली, ती मागवली आहे. मॅगझिनही एक नवीन. काडतुसांपैकी काहींच्या तोंडाशी काकांनी सांगितलेली रेघ होती. ती तिथेच जमा केली. ग्रेप गार्डचे गठ्ठे आता वेगळ्या खोलीत, आणि ऑफिसचं कुलूपही बदललं.

कांदेवाले भाऊ, विकायचा विचार तुमच्यामुळे मनात आला होता. पण विकायलाही चांगल्या स्थितीत असावं लागतं, म्हणून आधी हे.

काका, आता बारा बोअर बाहेर काढली. आतून खोबरेलाचा पिवळा थर बसलाय, साबणासारखा. तिलाही हीच पद्धत?

---

आर्मोरर_देवळाली

खोबरेल काढायची पद्धत तीच, बाकी बरंच वेगळं. आणि जुनी काडतुसं चाललेली असतील तर आधी नळीतून उकळतं पाणी. त्या काळच्या कॅपमधून क्षार राहतात, ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच जातात. पण आधी बंदूक कुठली आहे ते सांगा, आणि नळीच्या खालच्या बाजूला काय छापलंय ते इथे लिहा. क्रमांक सोडून. वेगळा धागा काढा, इथे गर्दी झाली.